रिक्षात राहिलेली दागिन्यांची पिशवी परत मिळाली, पण रिक्षावाले दादा पैसे घेत नाहीत. काय करावं?

रानजाई:

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आज सल्ला हवा आहे.

गेल्या आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी आईच्या पाटल्या आणि गोठ लॉकरमधून काढले. सहा तोळ्यांचा ऐवज. बँक नौपाड्यात, डोळ्यांचे डॉक्टरही तिथेच, म्हणून आईला घेऊन एका फेरीत दोन्ही कामं उरकली. दागिने मुद्दाम भाजीच्या कापडी पिशवीत घातले होते, कुणाच्या नजरेत येऊ नयेत म्हणून. युक्ती इतकी छान की घराशी रिक्षातून उतरताना पिशवी आमच्याही नजरेत आली नाही.

रिक्षा रस्त्यात हात दाखवून थांबवलेली. ॲप नाही, नंबर नाही. आठवण काय, तर खाकी शर्ट आणि आरशात दिसलेल्या मिशा. पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी अर्ज लिहून घेतला आणि चौकातलं सीसीटीव्ही बघतो म्हणाले. आई एक शब्द बोलत नव्हती. गोठ तिच्या आजीचे.

संध्याकाळी औषधांच्या दुकानातून फोन: "काकूंची पिशवी घेऊन एक रिक्षावाले इथे आलेत." झालं असं की डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली मी त्याच पिशवीत टाकली होती, बिलासकट. बिलावर आईचं नाव आणि दुकानाचा पत्ता. दादा तो पत्ता शोधत दुकानात पोचले. दुकानदाराकडे आमचा मोबाईल नंबर होता, कारण औषधं घरपोच मागवतो.

सगळं जसंच्या तसं होतं. आईने पाकीट पुढे केलं तर त्यांनी हात जोडले. दुकानदाराने आणलेला चहा प्यायले, आईला म्हणाले, "आजी, पुढच्या वेळी पिशवी मांडीवर घ्या," आणि गेले. नंबर मात्र मी घेऊन ठेवला.

आता घरात तीन मतं. आई म्हणते जेवायला बोलवू. नवरा म्हणतो त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी काही रक्कम देऊ. भाऊ म्हणतो पेपरात बातमी देऊ, फोटोसकट. मला यातलं काहीच धड वाटत नाही. काही न देणंही बरोबर वाटत नाही. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली असेल तर काय केलंत?

तिफण:

वाचून लई बरं वाटलं बघा. जेवायला बोलवा, तांबडा-पांढरा करा, विषय संपला.

रानजाई:

तिफण, आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही हो. :)

तिफण:

मग पैसेच द्या.

निवृत्त_कारकून:

आमच्या वडिलांचा शिरस्ता होता, सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याला किमतीच्या दहा टक्के. तो त्याचा हक्कच आहे. त्यांनी नाही म्हटलं तरी आपण दिले पाहिजेत. घेत नसतील तर त्यांच्या खात्यात टाका.

गवती_चहा:

कारकूनकाका, सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय. सहा तोळ्यांचे दहा टक्के म्हणजे निदान साठ हजार. ज्या माणसाने पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही त्याच्या खात्यात न विचारता साठ हजार टाकायचे? मला तर ती दमदाटीच वाटेल.

काळा_कोट:

शिवाय नातेवाईक नसलेल्याकडून वर्षभरात ५० हजारांच्या वर भेट मिळाली की ती सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. दादांना आधी सीए गाठून द्या. (हलके घ्या.)

गंमत सोडा. वर 'हक्क' शब्द आलाय म्हणून कायद्याचं थोडं सांगतो. आपल्याकडे टक्केवारीचा असा कुठलाही हक्क नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातल्या कलम ७१ नुसार, दुसऱ्याची सापडलेली वस्तू ताब्यात घेतली की ती नीट सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते, कुणी ठेवायला दिली असती तर आली असती तशीच. कलम १६८ मात्र गमतीशीर आहे. वस्तू सांभाळण्यात आणि मालक शोधण्यात जो त्रास आणि खर्च झाला त्यासाठी सापडणाऱ्याला मालकावर दावा लावता येत नाही, पण ती भरपाई मिळेपर्यंत वस्तू आपल्याकडे ठेवून घेता येते. आणि मालकाने आधीच ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर त्या बक्षिसासाठी थेट दावाही लावता येतो. म्हणून जाहिरातीत आकडा लिहिताना विचार करावा.

आता उलट बाजू. सापडलेलं गिळंकृत करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम ४०३, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं कैद, आणि दंड. कायद्यातच उदाहरणं दिली आहेत. हमरस्त्यावर रुपया सापडला, कुणाचा ते माहीत नाही, उचलला, तर गुन्हा नाही. मौल्यवान अंगठी सापडली, मालक शोधायचा काहीही प्रयत्न न करता लगेच विकली, तर गुन्हा. दादांच्या हातात तर नावाचं बिल होतं. म्हणजे त्यांनी जे केलं ते कायद्याने त्यांचं कर्तव्यच होतं.

गवती_चहा:

कर्तव्य असेल, पण त्या कलमाची भीती वाटून ते दुकानात गेले असं तुम्हाला खरंच वाटतं का?

काळा_कोट:

अजिबात नाही. माझ्या वकिलीत या कलमाखाली नुसत्या सापडलेल्या वस्तूसाठी शिक्षा झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

तोक्योतला_पुणेकर:

कारकूनकाका म्हणतात तसा हक्क जपानमध्ये खरोखर आहे. इथल्या हरवलेल्या वस्तूंच्या कायद्यात आणून देणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के मोबदला मागता येतो. मात्र रस्त्यावर सापडलेली वस्तू सात दिवसांच्या आत पोलिसांकडे द्यायला हवी, आणि स्टेशन किंवा दुकानात सापडली तर २४ तासांच्या आत तिथल्या कर्मचाऱ्यांकडे. मग मोबदला निम्मा होतो, कारण अर्धा त्या जागेच्या मालकाचा. तीन महिन्यांत मालक आला नाही तर वस्तू सापडणाऱ्याची. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, २००७ पासून तीन झाली. मोबाईल, कार्डं, ओळखपत्रं मात्र कधीच सापडणाऱ्याला मिळत नाहीत.

तोक्यो पोलिसांचं इइदाबाशीला मोठं केंद्र आहे, वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास वस्तू जमा होतात. मी तिथे हातमोज्यासाठी गेलो होतो. एका हातमोज्यासाठी. त्यांनी रंग विचारला, लोकर की कातडं विचारलं, डावा की उजवा विचारलं, आणि आणून दिला. छत्र्यांचं मात्र तिथेही रडगाणंच. ढिगाने जमतात आणि न्यायला जवळजवळ कुणीच येत नाही.

बहुतेक लोक मोबदल्याचा हक्क सोडून देतात. फॉर्मवर तसा रकाना असतो, तिथे खूण करायची. आपल्या लोकांना हे फार आवडतं आणि लगेच 'जपानी माणूस किती प्रामाणिक' सुरू होतं. मला विचाराल तर निम्मं श्रेय चौकाचौकातल्या पोलीस चौकीला आहे. वस्तू सापडली की पाच मिनिटांत कुठे द्यायची ते शाळकरी पोरालाही माहीत असतं. रानजाईच्या दादांना औषधाचं बिल मिळालं नसतं तर त्यांनी पिशवी कुठे दिली असती?

मीटर_डाऊन:

याचं उत्तर मी देतो. मी स्वतः रिक्षा चालवतो, बोरिवलीत. हा धागा बायकोने दाखवला म्हणून नाव नोंदवून लिहितोय, चुकभूल माफ.

वस्तू सापडली की आमचं काय होतं ते सांगतो. पहिलं म्हणजे ती कधी राहिली तेच कळत नाही. मागे वळून कोण बघतं? तोवर तीनचार भाडी होऊन गेलेली असतात. मधल्या पॅसेंजरने उचलली तरी आळ आमच्यावर. दुसरं, पिशवी उघडावी लागते. उघडल्याशिवाय पत्ता मिळत नाही, आणि उघडली की "यात अजून दहा हजार होते" हे ऐकायची तयारी ठेवावी लागते. एका साहेबांची लॅपटॉपची बॅग परत द्यायला गेलो तर चार्जर कुठाय म्हणून त्यांनी मला सोसायटीच्या गेटवर वॉचमनसमोर उभं केलं. चार्जर त्यांच्या ऑफिसात निघाला. तेव्हापासून मी स्टँडवर दोघांना बोलावतो, त्यांच्यासमोर बॅग उघडतो, मोबाईलवर शूटिंग करतो.

तिसरं, वेळ. माझी रिक्षा मालकाची आहे. धंदा होवो न होवो, संध्याकाळी त्याचे पैसे मोजावे लागतात, गॅस आपला. पोलीस ठाण्यात गेलं की जबाब, सही, साहेब जेवायला गेलेत, थांबा. अर्धी शिफ्ट जाते. तरी बहुतेक जण देतात परत. जे देत नाहीत तेही आहेत, खोटं कशाला बोलू.

ताई, त्या दादांना बक्षीस देऊ नका. मीटर द्या. तुमच्या घरापासून ते दुकान शोधेपर्यंत रिकामी मारलेली फेरी, तिथे थांबले त्याचं वेटिंग, परत जायचं भाडं. त्याला ते नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणालेच तर तुम्ही भांडून द्या. "घ्या हो, मुलांना खाऊ" असं म्हणून कुणी पाचशेची नोट पुढे केली की आपण हात पसरल्यासारखं वाटतं. "मीटर किती झालं?" विचारलं की तो धंदा असतो, त्यात लाज नाही.

गवती_चहा:

+१००. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

काळा_कोट:

आणि कलम १६८ मध्ये जे लिहिलंय तेच यांनी मराठीत सांगितलं. त्रास आणि खर्च. बक्षीस वेगळं, भरपाई वेगळी.

पेठकर:

मीटर_डाऊन, तुमच्या 'हात पसरल्यासारखं' यावरून आमच्या सोसायटीतली गोष्ट सांगतो.

दिवाळीच्या साफसफाईत शेजारच्या काकूंची कुडी वर्तमानपत्राच्या पुरचुंडीसकट कचऱ्यात गेली. मोत्यांची, जुनी. कळलं तेव्हा कचरा वेचणाऱ्या ताई डबे रिकामे करून गेल्या होत्या. आमच्याकडे 'स्वच्छ' संस्थेच्या ताई येतात. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ पासून आहे, तिच्यातूनच पुढे ही सहकारी संस्था उभी राहिली. काकू धावत शेडवर गेल्या. ताईंनी ढीग उपसायला सुरुवात केली, बरोबरच्या दोघींनीही आपलं वर्गीकरण सोडून हात लावला. ओला-सुका वेगळा केलेला नव्हताच, (आमच्याच सोसायटीची कृपा,) त्यामुळे फराळाचं तेल, फुलं, डायपर, सगळ्यांतून शोधावं लागलं. दुपारी कुडी सापडली.

मग सोसायटीने सत्कार केला. शाल, श्रीफळ, फोटो, ग्रुपवर 'गरिबीतही प्रामाणिकपणा जपणाऱ्या ताई'. त्याच महिन्याच्या सभेत ताईंचं मासिक शुल्क वाढवायचा विषय आला, तर चाळीस मिनिटं चर्चा होऊन तो पुढच्या सभेवर ढकलला. सत्काराला टाळ्या वाजवणारेच लोक.

बातम्यांचे मथळेही असेच असतात. 'रिक्षाचालकाचा प्रामाणिकपणा', 'सफाई कामगाराचा प्रामाणिकपणा'. बँकेतल्या कॅशियरने काउंटरवर राहिलेलं पाकीट परत दिलं तर त्याची बातमी होते का? नाही, कारण त्याने ते दिलं नसतं अशी शंकाच कुणाला येत नाही. गरीब माणसाकडून आपण चोरीची अपेक्षा करतो आणि ती पुरी झाली नाही की हार घालतो. रानजाईताई, भावाला सांगा, पेपर राहू द्या.

मध्यमान:

पेठकरांचा मुद्दा मान्य, पण हे फक्त आपल्याकडेच नाही. पैसे जास्त असले की परका माणूस प्रामाणिक राहणार नाही असा लोकांचा अंदाज असतो, आणि तो चुकतो, असं एका मोठ्या प्रयोगात दिसलं. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो आला. ४० देश, ३५५ शहरं, १७ हजारांवर पाकिटं. भारतातली शहरंही त्यात होती. काही पाकिटांत पैसे, काहींत नाही. पाकीट पारदर्शक, आत किल्ली, वाणसामानाची यादी आणि नाव-ईमेल असलेली कार्डं. सरासरी काढली तर बिनपैशाच्या पाकिटांपैकी ४० टक्के मालकांना निरोप आला, पैसेवाल्या पाकिटांच्या बाबतीत ५१ टक्के. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंडमध्ये रक्कम आणखी मोठी ठेवून पाहिलं तर प्रमाण ७२ टक्क्यांवर गेलं. सामान्य लोकांना अंदाज विचारला तर तो बरोबर उलटा निघाला, आणि अर्थशास्त्रज्ञांनाही हा निकाल ओळखता आला नाही.

निष्कर्ष असा की पैसे जास्त असले की 'आपण चोर ठरू' ही टोचणीही वाढते. नुसती कार्डं असलेलं पाकीट ठेवून घेतलं तर कुणी स्वतःला चोर म्हणत नाही.

ठोकळेबाज:

मध्यमान, त्या प्रयोगात पाकीट रस्त्यावर टाकलं नव्हतं. बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्या, पोलीस ठाणी अशा ठिकाणच्या काउंटरवर नेऊन दिलं होतं, "रस्त्यात सापडलं, तुम्ही बघा" म्हणून. आणि परत दिलं की नाही ते ठरलं ईमेल आला की नाही यावरून. आपल्याकडच्या किती काउंटरवाल्यांनी ईमेल लिहिला असता? फोन केला असता, नाही तर खणात टाकून ठेवलं असतं, 'येईल ज्याचं त्याचं' म्हणून. याने देशादेशांची प्रामाणिकपणाची क्रमवारी लावणं मला पटत नाही.

आणि एक कटू बोलतो. ज्यांचं परत मिळतं तेच धागे काढतात. माझी डोंबिवलीच्या रिक्षात राहिलेली कॅमेऱ्याची बॅग आजतागायत आलेली नाही. त्यावर मी धागा काढला असता तर तीन प्रतिसाद आले असते, त्यातले दोन 'काळजी घ्यायची' असे.

मध्यमान:

ईमेलचा आक्षेप योग्य आहे, चीनच्या आकड्यांबद्दल तोच घेतला गेला. क्रमवारीवर माझाही भर नाही. एकाच देशात पैसे घातल्यावर प्रमाण वाढतं, मला तेवढाच भाग महत्त्वाचा वाटतो.

रस्त्यावरचीच चाचणी हवी असेल तर २०१३ मध्ये रीडर्स डायजेस्टने १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं टाकली होती. हेलसिंकीत ११ परत आली, मुंबईत ९. मुंबई दुसरी. अर्थात बारा पाकिटांवरून शहर जोखायचं म्हणजे गंमतच, पण मुंबईकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

बदलापूर_फास्ट:

मुंबईत वस्तू न उचलण्याचं आणखी एक कारण आहे ते पुण्या-तोक्योच्या लोकांना कळणार नाही. ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर रॅकवर बेवारस बॅग दिसली की पहिला विचार मालकाचा येत नाही. स्टेशनवर घोषणा सुरूच असतात, बेवारस वस्तूला हात लावू नका. डब्यात "कुणाची आहे, कुणाची आहे?" असा गलका होतो, लोक मागे सरतात, पुढच्या स्टेशनवर कुणीतरी पोलिसांना बोलावतं. बॅगेत टिफिन आणि छत्री निघते.

म्हणून रेल्वेत काही राहिलं तर लगेच १३९ ला फोन करा. गाडी, डबा, कुठल्या बाजूचा रॅक, बॅगेचा रंग एवढं सांगता आलं तर आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) पुढच्या स्टेशनवर उतरवून घेतं. 'ऑपरेशन अमानत' म्हणून त्यांची मोहीमच आहे. माझी परत मिळालीय.

अवांतर: २००६ साली सीएसएमटी-पनवेल लोकलमध्ये चोरीला गेलेलं एक पाकीट वाशीच्या रेल्वे पोलिसांनी २०२० मध्ये मालकाला परत दिलं होतं. आत ९०० रुपये होते. त्यातली पाचशेची नोट मधल्या काळात रद्द झाली होती, ती बदलून देऊ म्हणाले. शंभर स्टॅम्प पेपरचे कापले. हातात आले तीनशे.

तिफण:

चौदा वर्षांनी तीनशे! आमची पतपेढी बरी म्हणायची.

लाल_परी:

माझे बाबा एसटीत वाहक होते. फेरी संपली की गाडीत मागपासून पुढपर्यंत चक्कर मारायची त्यांची सवय होती. काही मिळालं की आगारात वाहतूक नियंत्रकांकडे द्यायचं, नोंद करायची. सोनं-पैसे क्वचितच. जेवणाचे डबे, स्वेटर, शाळेची दप्तरं, लग्नाच्या पत्रिकांचा अख्खा गठ्ठा. एकदा कवळी मिळाली होती, रुमालात नीट बांधलेली. तिचे मालक दुसऱ्या दिवशी आले, तोंडावर हात ठेवून, बोलणार कसे? बाबांनी ओळख पटवायला काहीही विचारलं नाही.

एकदा रत्नागिरीच्या गाडीत हापूसची पेटी राहिली. तीन दिवस कुणी आलं नाही आणि आगारात वास दरवळायला लागला. मग काय करायचं यावर आगारात जी चर्चा झाली ती इथल्या धाग्यापेक्षा मोठी होती. काळा_कोट, आंब्यांसाठी कलम आहे का?

काळा_कोट:

आहे! करार कायदा, कलम १६९. मालक शोधूनही मिळाला नाही किंवा रीतसर खर्च द्यायला तयार नसेल, आणि वस्तू नासण्याच्या बेतात असेल, तर सापडणाऱ्याला ती विकता येते. पण विकता येते, खाता येते असं लिहिलेलं नाही. आगाराने काय केलं?

लाल_परी:

जाऊ द्या, बाबा आता निवृत्त आहेत.

संत्रा_बर्फी:

राजेहो, शहरात पत्ता शोधा, बिल शोधा, पोलीस शोधा. आमच्या यवतमाळकडे गोष्ट सोपी होती. बाबानं कापूस इकला अन् पैशाची थैली बाजारातल्या चहाच्या टपरीवर इसरला. घरी आल्यावर ध्यानात आलं, तवा शेवटची गाडी निघून गेली होती. आठ दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. पुढच्या बाजारी बाबा गेला तं टपरीवाल्यानं दुरूनच इचारलं, "काका, थैलीचा रंग सांगा अन् गाठ कशी मारली होती ते सांगा." सांगितलं. त्यानं गल्ल्याखालून थैली काढून देली. त्याले माहीत होतं का माणूस बाजाराच्या दिवशी येतेच.

बाबानं पैसे देले का? नाही. पण नंतर मरेपर्यंत चहा त्याच्याचकडे पेला, अन् चहा त्याचा काही बरा नव्हता.

गवती_चहा:

शेवटचं वाक्य फार आवडलं.

टाचणी:

मोबाईल हरवलेल्यांसाठी, कारण विषय निघालाच आहे. पोलिसांत तक्रार, त्याच नंबरचं नवं सिम, मग 'संचार साथी' पोर्टलवर आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून फोन ब्लॉक करायचा. सगळ्या देशासाठी ही सोय २०२३ पासून आहे. ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कुणी दुसरं सिम घातलं की पोलिसांना माग लागतो. फोन मिळाला की तिथेच अनब्लॉक करता येतो. आयएमईआय नंबर आत्ताच *#०६# दाबून कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नव्हे.

आणि हरवल्याची पोस्ट सगळीकडे टाकलीत की 'तुमचा फोन सापडलाय, या लिंकवर पासवर्ड टाका' असे मेसेज येतील. प्रामाणिक माणूस पासवर्ड विचारत नाही, ओटीपीही विचारत नाही. वस्तूचं वर्णन पोस्टमध्ये पूर्ण देऊ नका, एखादी खूण राखून ठेवा. वर थैलीच्या गाठीची होती तशी.

निवृत्त_कारकून:

सगळं वाचलं. मीटरची कल्पना व्यवहार्य आहे हे मान्य. तरी सहा तोळे सोन्याची किंमत मीटरने व्हावी हे मनाला पटत नाही.

मीटर_डाऊन:

काका, सोनं त्यांचं नव्हतंच. मग त्याच्या किमतीशी त्यांचा काय संबंध? पिशवीत भाजी असती तरी फेरी तेवढीच पडली असती.

निवृत्त_कारकून:

भाजी असती तर आणून दिली असती?

मीटर_डाऊन:

खरं सांगू? मेथीची जुडी असेल तर घरी नेतो. बिल असतं तर दुकानात फोन केला असता.

रानजाई:

अपडेट देते. काल दादांना फोन केला. मीटर_डाऊन म्हणाले तसंच विचारलं, "त्या दिवशीचं मीटर किती झालं होतं?" पलीकडे जरा वेळ शांतता, मग हसले. म्हणाले, "ताई, मीटर टाकलाच नव्हता, खाली गाडीला कोण मीटर टाकतो?" मग दोघांनी मिळून अंतर मोजलं. दुकान सापडायच्या आधी ते दोन चुकीच्या दुकानांत जाऊन आले होते, कारण बिलावरचा पत्ता अर्धा पुसला होता. तेही धरलं. वेटिंग धरायला तयार नव्हते, त्यावर आम्ही खरोखर भांडलो. मी जिंकले. पैसे यूपीआयने गेले.

पेपरात बातमीचं विचारलं तर घाबरलेच. मागे स्टँडवरच्या एकाचा असा फोटो आला होता, तर बाकीचे त्याला अजून 'साधुमहाराज' म्हणून हाक मारतात म्हणे. आईच्या जेवणाच्या निमंत्रणाला मात्र हो म्हणालेत, बायकोला घेऊन येणार आहेत. भाचीच्या लग्नाचीही पत्रिका देणार आहे. सगळ्यांचे आभार, विशेषतः मीटर_डाऊन तुमचे आणि तुमच्या मिसेसचे.

पेठकर:

छान. आमच्या सोसायटीची पुढची सभा रविवारी आहे. शुल्काचा विषय मी पहिल्या क्रमांकावर घ्यायला लावलाय. बघू.

नवखा_डोंबिवली:

धागा बरोबर वेळी सापडला. आत्ता प्लॅटफॉर्मवर पाकीट मिळालंय. पास, आधार कार्ड, थोडे पैसे. आधारवर पत्ता बुलढाण्याचा, फोन नंबर कुठेच नाही. फोटो काढून डोंबिवलीच्या ग्रुपवर टाकू का?

टाचणी:

आधारचा फोटो अजिबात टाकू नका! फार तर 'पाकीट सापडलंय, ओळख पटवून न्या' एवढंच लिहा.

काळा_कोट:

घरी नेऊ नका. स्टेशन मास्तरांकडे किंवा आरपीएफकडे द्या आणि नोंद करून घ्या. पैसे त्यांच्यासमोर मोजा.

मीटर_डाऊन:

आणि मोजताना शूटिंग करा.

नवखा_डोंबिवली:

दिलं. स्टेशन मास्तरांनी आधी माझंच नाव, पत्ता, मोबाईल लिहून घेतलं. दोघांनी मिळून पैसे मोजले, ३४० रुपये. सही केली. या सगळ्यात माझी फास्ट गेली.

बदलापूर_फास्ट:

स्लो पकडा, बसायला तरी मिळेल.

नवखा_डोंबिवली:

डोंबिवलीला? सकाळी? बसायला??